चौसष्ट सालचा धूर

मगदूम फाउंड्रीच्या कुंपणभिंतीवर एकेचाळीस नाकं बसवलेली होती. कागदोपत्री त्यांना सीमा-संवेदक म्हणत. कामगारांनी पहिल्याच आठवड्यात नाकं म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव टिकलं. मुठीएवढा डबा, पुढे जाळी, आत लेझरचा किरण. जेवणाच्या सुट्टीत माणसं मुद्दाम त्यांच्या तोंडावर विडीचा धूर सोडत. नाक काही बोलत नसे. तंबाखू जिवंत झाडाचा, त्याचा धूर माफ. माफ नव्हता तो जमिनीच्या पोटातून काढलेल्या मेलेल्या कोळशाचा, डिझेलचा, गॅसचा.

साल दोन हजार चौतीस. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांतून ओतलेले पंप युरोपात जायचे, आणि युरोपाने दार लावून घेतलं होतं. नेट झिरोचा दाखला दाखवा, मगच आत या. त्यांनी दोनशे वर्षं कोळसा जाळला तेव्हा नाकं कुठल्या भिंतीवर होती, हे विचारायची सोय नव्हती. म्हणून पुण्यात कंपन्या निघाल्या, कारखान्यांना नेट झिरो करून देणाऱ्या. 'करून देणाऱ्या' हे त्यांच्याच जाहिरातीतलं. लग्नाचा हॉल सजवून द्यावा तसं.

अशाच एका कंपनीत हर्षदा गुरव सल्लागार होती. वय चौतीस, आजऱ्याच्या पुढच्या आंबर्डेवाडीची, देवीच्या गुरवाची पोरगी. कामात चोख, बोलायला तिखट. मगदूम फाउंड्री तिचं पहिलं मोठं काम. तिथल्या कुपोल्यात, म्हणजे लोखंड वितळवायच्या उभ्या भट्टीत, दगडी कोळशापासून केलेला कोक जळायचा. तो बंद करून लाकडाचा कोळसा वापरा, तोही जवळपासच्या लागवडीतला, ही शिफारस तिची. सुबाभूळ लावायची, चार वर्षांनी तोडायची, जाळायची, परत लावायची. झाडाने हवेतून जेवढं घेतलं तेवढंच परत गेलं, हिशेब शून्य. त्या शिफारशीखाली तिने पूर्ण नावाने सही केली होती, हर्षदा शिवराम गुरव. आणि दोन वर्षं नाकांनी मेलेला धूर एकदाही पकडला नव्हता.

तिसऱ्या वर्षीच्या तपासणीला ती गेली तेव्हा कुपोल्यावर दस्तगीर मुल्ला होता. तीस वर्षं भट्टीपुढे काढलेला माणूस, भुवया कधीच्या जळून गेलेल्या. तिने सहज विचारलं, खराब माल किती निघतो. या वर्षी एकही नग परत आला नाही, असं त्याने सांगितलं, आणि सांगताना तिच्याकडे बघितलं नाही.

हर्षदाला ते खटकलं. लाकडाच्या कोळशावर लोखंड ओतणं अवघड, नग परत येणारच, हे तिनेच अहवालात लिहिलं होतं. शिवाय भट्टीजवळ काडी ओढल्यासारखा गंधकाचा वास येत होता. लाकडाला असा वास नसतो. ती तिथेच उभी राहिली. दस्तगीरने हातातली पहार खाली ठेवली.

"मॅडम, लाकडाचा कोळसा वरच्या लोखंडाच्या वजनानं चुरा होतो," तो म्हणाला. "चुरा झाला की वारा कोंडतो. वारा कोंडला की लोखंडाचा रस थंड. आत हाडं लागतात."

"मग हाडं घातलीत?"

"भट्टी चालतीया न्हवं?" एवढं बोलून त्याने पहार उचलली.

हाडं म्हणजे दगडी कोक. चार पाट्यांत एक पाटी कोक पडत होता, हे तिने अर्ध्या तासात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तरीही बाहेर भिंतीवरची एकेचाळीस नाकं सगळा धूर जिवंत म्हणत होती. माणूस खोटं बोलतो हे तिला माहीत होतं. नाक खोटं कसं बोललं?

इथे नाकाचं काम समजून घ्यावं लागेल. फार कठीण नाही.

हवेतल्या कार्बनच्या दर लाख कोटी अणूंमागे एखादा अणू वेगळा असतो. त्याला कार्बन चौदा म्हणतात. तो किरणोत्सारी, हळूहळू विरून जाणारा. झाड हवा खातं तेव्हा हा अणूही खातं, म्हणून जिवंत लाकडात तो हवेच्याच प्रमाणात सापडतो. दगडी कोळसा कोट्यवधी वर्षं जमिनीखाली पडलेला, त्यातला चौदा कधीच संपला. नाक धुरातला चौदा मोजतं. आजच्या हवेत असतो तेवढा सापडला तर शंभर, म्हणजे सगळा धूर जिवंत झाडांचा. सापडलाच नाही तर शून्य, सगळा मेलेल्या कोळशाचा. पंचाहत्तर आले तर पाव भाग कोळसा. कारखान्याला शंभर हवेत. साधं, सरळ, कुणालाही पटेल असं यंत्र.

ते बनवणारे एक गोष्ट विसरले होते. विसरले की सोयीने विसरले, ते त्यांचं त्यांना ठाऊक. गेल्या शतकात, पन्नास-साठच्या दशकांत मोठ्या देशांनी उघड्या आभाळात अणुबाँब फोडून बघितले. त्या स्फोटांनी हवेतला चौदा जवळजवळ दुप्पट झाला. चौसष्ट-पासष्ट साली तो शिगेला होता. पुढे समुद्राने थोडा गिळला, कोळशाच्या धुराने थोडा पातळ केला, आणि तो उतरत उतरत आजच्या पातळीपर्यंत आला. पण झाड विसरत नाही. दरवर्षी खोडात एक वळं धरतं, आणि त्या वळ्यात त्या वर्षीची हवा कायमची अडकते. साठ आणि सत्तरच्या दशकांत वाढलेलं झाड आज जाळलं तर त्याचा धूर शंभर नाही दाखवत. एकशे तीस दाखवतो, एकशे पस्तीस दाखवतो.

हर्षदाने नाकांची कच्ची नोंद मागवली. दाखल्यांची नोंद ठेवणाऱ्या मंडळाकडे जायची ती दिवसाची सरासरी. कच्ची नोंद कुणी बघत नसे, तिनेही दोन वर्षांत बघितली नव्हती. सोमवारी सकाळी भट्टी पेटवतात तेव्हा पहिला तास नुसता लाकडाचा कोळसा असतो, कोक नंतर पडतो. दर सोमवारच्या त्या पहिल्या तासात एकच आकडा होता. एकशे चौतीस.

तीन पाट्या एकशे चौतीसच्या, एक पाटी शून्याची. सरासरी शंभर. कोक जळत होता आणि जुनी झाडं तो झाकत होती.

कुबेर मगदूम म्हणजे मालक. पन्नाशीचा, इस्त्रीच्या शर्टातला, कधी आवाज न चढवणारा. त्याने नाकबूल वगैरे काही केलं नाही. उलट चहा मागवला आणि समजावून सांगितलं, शिकवणीतल्या पोरीला सांगावं तसं. या मालाला बाजारात पासष्टी म्हणतात. ठेकेदार झाडाला ड्रिल मारून गाभ्याचा नमुना काढतो, आकडा चांगला आला की खोडावर लाल रंगाचा पट्टा. वसाहतीतल्या निम्म्या फाउंड्र्या पासष्टीवर चालतात. कोक पूर्ण काढला तर भट्टी बसेल, भट्टी बसली तर दोनशे घरं बसतील. सल्ला देणाऱ्यांनी पुण्याला जाऊन झोपायचं, पण लोखंडाला तर वितळावंच लागतं.

ती म्हणाली, ही फसवणूक आहे.

"नाकानं पास केलंय, मॅडम," कुबेर शांतपणे म्हणाला. "आणि नाक तुम्हीच बसवलंय."

माल कुठून येतो, हे तिने विचारलं. त्याने फाइल पुढे सरकवली, त्यात वाहतुकीचे पास होते. हे पास दोन्ही वर्षं तिच्याच तपासणीच्या फाइलीत सातव्या पानापुढे लावलेले होते आणि तिने ते कधी उलटून पाहिले नव्हते. प्रत्येक पासावर गावाचं नाव एकच. आंबर्डेवाडी.

आंबर्डेवाडीला लागवड नाही. आंबर्डेवाडीला भावकाई देवीची राई आहे.

राईत दोन भाग. आतला गाभा आईचा, तिथली अंजन, ऐन, नाणा ही झाडं किती जुनी ते कुणालाच माहीत नाही. तिथं वाळली काटकी उचलायची तरी कौल घ्यावा लागतो. बाहेरचं कडं माणसांनी लावलेलं. हर्षदाच्या आजोबाने अठ्ठावन्न साली प्रथा पाडली, गावात पोर जन्मलं की बाराव्या दिवशी कड्यात एक रोप. पाळण्याची झाडं म्हणत त्यांना. आता कडं असं होतं की दोन पिढ्यांची माणसं मरून गेली तरी त्यांची झाडं उभी होती. होती. हर्षदा मोटारीतून उतरली तेव्हा कड्याच्या जागी बहुतेक खुंटच होते आणि खुंटांवर लाल रंगाचे डाग.

आबा देवळाच्या पायरीवर बसून समया घासत होते. शिवराम गुरव, वय सत्तर, चौसष्ट सालचा जन्म. लेक अवचित आली म्हणून त्यांचा चेहरा असा उजळला की तिने विचारायचं पुढे ढकललं. ते तिला हाताला धरून आत घेऊन गेले आणि देवीच्या डाव्या बाजूला भिंतीवर लावलेला कागद दाखवला. प्लास्टिकमध्ये बंद केलेला. तिची शिफारस होती ती. 'स्थानिक लाकडी कोळसा' या शब्दांखाली ठेकेदाराने पेनाने रेघ मारलेली, आणि खाली सही.

गोष्ट त्यांनी अभिमानानेच सांगितली. बंडू ठेकेदार आला, कागद दाखवला, म्हणाला तुमच्या पोरीनंच मागितलंय, जगाचा धूर कमी करायचं काम हाय. देवस्थान समिती म्हणाली कौल लावा. आबांनी आंघोळ करून देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

"काय विचारलंत आबा तुम्ही?"

"इचारलं, आई, लेकीच्या कामाला लाकूड लागतंया. देतीस का." आबा हसले. "बोलणं तोंडात हाय तवर उजवी पडली. पयलं झाड माझंच दिलं. दुसऱ्याचं मागायच्या आधी आपलं द्यावं."

"मला एक फोन तरी करायचा."

"तुजं नाव वाचलं की. मदी शिवराम बी वाचलं. न्हाई म्हणायचं कुणाला, तुला?"

मग तिने सगळं सांगितलं. कोक, पाट्या, एकशे चौतीस. आबांना बाँब आणि अणू किती कळले कुणास ठाऊक, पण एवढं नक्की कळलं की त्यांचं झाड कुणाचा तरी काळा धूर लपवायला जळलं. ते बराच वेळ समई घासत राहिले, घासून झालेलीच.

"मी आईला लेकीचं इचारलं," ते शेवटी म्हणाले. "कोळशाचं इचारलंच न्हाई."

पुढच्या पौर्णिमेला कड्यातली उरलेली झाडं तोडायची ठरली होती. हर्षदाने त्याच आठवड्यात अहवाल लिहिला. तिची वरिष्ठ, रणदिवे मॅडम, वाईट बाई नव्हती. तिने दार लावून विचारलं, तोडीच्या संमतीपत्रावर तुझ्या वडिलांची सही आहे, हे नाव अहवालात जाणार, चालेल का? आणि कंपनीचं काय, मगदूमसारखी बावीस गिऱ्हाईकं आहेत. हर्षदा म्हणाली, जाऊ दे नाव. हे बोलायला तिला एक क्षण लागला, आणि त्या एका क्षणाची लाज तिला पुढे कायम वाटत राहिली.

अहवालात तिने दोन गोष्टी मागितल्या. एक, नाकाचं गणित दुरुस्त करा. दोन, जुनी झाडं आणि देवराया जाळलेल्या धुराला जिवंत धूर मानू नका.

नोंदणी मंडळाने अकरा दिवसांत उत्तर दिलं. एवढ्या झपाट्याने मंडळ कधी हललं नव्हतं. तिचं नाव घेऊन आभार मानले. पहिली सूचना पूर्ण मान्य, यापुढे भट्टीत जाणाऱ्या लाकडाचा आकडा आधी मोजला जाईल आणि कितीही आला तरी तोच शंभर धरला जाईल, भट्टी पेटल्यापासून विझेपर्यंत. कोक लपवायची वाट बंद. दुसऱ्या सूचनेवर एक ओळ होती. झाडाचे वय मंडळाच्या कार्यकक्षेत येत नाही. झाड पुन्हा उगवते.

त्या एका ओळीवर तिने तीन पत्रं लिहिली. त्यांची पोचही आली नाही.

पौर्णिमेची तोड थांबली, एवढं मात्र झालं. पासष्टीचा बाजार एका दिवसात बसला. लाल पट्ट्यांचा आता काही उपयोग नव्हता. तिने आबांना फोन करून सांगितलं की कड्यातली उरलेली तेहतीस झाडं वाचली. आबा बरं म्हणाले. अहवालात त्यांचं नाव आल्यापासून गावातली माणसं नैवेद्य परस्पर ठेवून जात होती, त्यांच्या हातात देत नव्हती. हे त्यांनी सांगितलं नाही, तिला शेजारणीकडून कळलं.

महिन्याने कुबेर मगदूमने तिला बोलावून घेतलं. नवं यंत्र दाखवायचं होतं. लाकडाच्या कोळशाचा भुगा करून, त्यात साखर कारखान्याची मळी घालून दाबलेल्या विटा. कठीण, वजनाला न फुटणाऱ्या. दस्तगीरने त्यावर भट्टी चालवून बघितली होती, रस पाण्यासारखा पातळ. कोकची पाटी आता लागतच नव्हती.

"तुम्ही वाट बंद केलीत म्हणून डोकं चालवलं," कुबेर म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, खरोखरच आभार होते. "चारही पाट्या लाकूड. तुमच्यामुळं आम्ही खरे झिरो झालो."

ती अभिनंदन म्हणायच्या बेतात होती. मग तिच्या डोक्यात ते साधं गणित उतरलं. आधी चारांत तीन पाट्या लाकूड होतं, आता चारांत चार, शिवाय भुगा होताना वाया जाणारं वेगळं. आधी फक्त साठ-सत्तर सालची झाडं चालायची, म्हणून ठेकेदार वेचून तोडायचा. आता तिच्याच दुरुस्तीने सगळ्या झाडांना एकच भाव आणला होता. चार वर्षांची सुबाभूळही शंभर, चारशे वर्षांचा अंजनही शंभर. आणि अंजनाचा कोळसा जड, टणक, विटेला एक नंबर. लागवड? लागवड उशिरा लागली होती, रोपं गुडघ्याएवढी होती अजून.

तिने तिथूनच आबांना फोन लावला. शुक्रवारी सकाळी येणारेत, आबा म्हणाले. गाभ्यात.

शुक्रवारी नऊ वाजता राईच्या तोंडाशी दोन ट्रक, बंडू ठेकेदार, देवस्थान समितीची पाच माणसं आणि करवतवाले असे सगळे होते. समितीने ठराव केला होता. देवळाला नवं छत आणि गावाला दवाखाना मिळणार होता. दवाखान्याची खरंच गरज होती, त्यात खोटं काही नव्हतं. बायका राईच्या बांधावर उभ्या होत्या. आबा म्हणाले, कौलाशिवाय गाभ्यात पाऊल टाकू देणार नाही. समितीने एकमेकांकडे पाहिलं आणि लावा म्हणाली. म्हाताऱ्याचा मान राखायला काय जातंय.

आबांनी पाकळ्या चिकटवल्या. या वेळी त्यांनी काय विचारलं ते कुणाला ऐकू आलं नाही. देवळात दहा-बारा माणसं दाटीने उभी राहिली. दहा वाजले. पाकळ्या जागच्या जागी. साडेदहा वाजले, पाणी वाळलं, तरी उजवीही पडेना आणि डावीही. हर्षदा विज्ञान शिकलेली. ओली पाकळी दगडाला का चिकटते आणि का सुटते हे तिला ठाऊक होतं. तरीसुद्धा ती डाव्या पाकळीकडे बघत उभी राहिली आणि तिने मनातल्या मनात पड म्हटलं. अनेकदा म्हटलं.

साडेअकराला बंडूने घड्याळ पाहिलं. "आबा," तो अदबीने म्हणाला, "आई काय न्हाई तर म्हणली न्हाई."

कुणीतरी खाकरलं. समितीचा अध्यक्ष चपला घालायला वळला, आणि त्याच्या मागोमाग बाकीचे.

हर्षदा पळत गाभ्यात गेली आणि पहिल्या अंजनाला पाठ लावून उभी राहिली. बंडूला ओरडून सांगितलं की हे बेकायदा आहे, दाखला रद्द होईल. बंडूने मोबाइल काढून तिला मंडळाचा नवा नियम दाखवला. वर तिचंच नाव होतं, सूचना करणारी म्हणून. तो तिच्याशी भांडला नाही. कुणी तिला हातही लावला नाही. करवतवाल्यांनी तिला वळसा घातला आणि पलीकडच्या ऐनापासून सुरुवात केली. झाडं तीनशेच्या वर होती आणि ती एकटी. दुपारी आबा तिला हाताला धरून बाहेर घेऊन आले, तेव्हा आसपास तिच्या पाठीचं ते एक झाड तेवढं उभं होतं. संध्याकाळी तेही पडलं.

महिन्याअखेरीस मगदूम फाउंड्रीचा दाखला सहीसाठी तिच्या टेबलावर आला. तिने कच्ची नोंद मागवली. सोमवारचा पहिला तास बघितला, मंगळवारचा बघितला, एकेचाळीस नाकांचे तीस दिवसांचे आकडे ओळीने तपासले, दोन दिवस घालवून. कुठेही कोकचा मागमूस नव्हता. एकही आकडा खोटा नव्हता.

तिने सही केली नाही. नकाराचं कारण लिहायच्या रकान्यात काय लिहावं ते तिला सापडेना, म्हणून तो रिकामाच ठेवला. रणदिवे मॅडमने कागद उचलून शेजारच्या टेबलावर ठेवला. तिथल्या बाईने वाचून बघितला, सगळं बरोबर आहे की म्हणाली, आणि सही करून टाकली.